जॅकेट कोटाच्या आत घाल

आई, तुझ्या उल्पानचा सलाम. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

परवा प्रयोगशाळेत सैनिकांच्या बुलेटप्रूफ जॅकेटातल्या प्लेटा गोठवून त्यांच्यावर गोळी झाडली. थंडीने आतला गोंद कडक झाला होता; प्लेटांचे तुकडे झाले. साहेब म्हणाले, "एवढी थंडी रोज थोडीच पडते?"

"माझा भाऊ सीमेवर आहे, त्याला विचारा," मी म्हटलं. त्या प्लेटांचा पुढचा माल थांबला. पण आधीचा गेलाय, आणि आपल्या सान्झारच्या अंगावर तोच आहे.

छावणीत पत्रं उघडून वाचतात, म्हणून मी नको, प्लेटांचं नाव न काढता तू लिही. जॅकेट कोटाच्या आत घाल, झोपताना कोकरासारखं कुशीत घे म्हणावं. आईचं खूळ म्हणून हसेल, पण ऐकेल.

निघताना त्याने एक घास तोडलेला नान खुंटीवरच आहे ना? उंदरांपासून जप. उरलेला परत आल्यावर त्यालाच खायचाय.

तुझीच,
उल्पान