विहीणबाईंच्या आगाऊ सह्या

आदरणीय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार.

हयात नसलेल्या विहिणीला पत्र लिहिताना मायना कोणता घालावा, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. आपण माझ्याहून दोन वर्षांनी लहान, त्यामुळे ‘तीर्थरूप’ चालत नाही. ‘चिरंजीव’ तर लिहिता येणारच नाही. म्हणून ‘आदरणीय’ लिहिले. हे पत्र पोहोचणार नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही लिहीत आहे, कारण काल सईच्या शाळेत जे घडले त्याचा उलगडा आपल्यावाचून कोणी करू शकणार नाही. आणि आज दुपारी आपली नात शाळेतून परत येण्यापूर्वी मला एका गोष्टीचा निर्णय करायचा आहे.

पहिला प्रश्न सरळ विचारतो. आपण त्या कार्डावर आगाऊ सह्या का केल्यात?

कार्डाची हकिकत आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहितो. क्रम लावल्याशिवाय मला काही समजत नाही, आणि आता क्रम लावूनही समजेनासे झाले आहे! सईच्या शाळेत व्यावसायिक बास्केटबॉल खेळणारे चार खेळाडू आले आणि मुलांना म्हणाले, रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचा. प्रत्येकाला साठ चौकटींचे कार्ड दिले. मुलाने वाचलेली पाने चौकटीत लिहायची आणि ऐकणाऱ्या घरच्या मोठ्या माणसाने त्याखाली सही करायची. साठ चौकटी भरल्या की तेच खेळाडू पुन्हा येणार, आणि ते मूल त्यांच्या शेजारी उभे राहून सगळ्या शाळेसमोर एक पान वाचणार.

मी पुण्याहून सिंगापुरात, चोआ चू कांगच्या या फ्लॅटमध्ये दाखल झालो, तेव्हा आपल्या पाळीचे चार दिवस उरले होते. पाळी हा शब्द आपलाच. आपल्या इथे राहण्याच्या पासची मुदत संपत आली की मी येणार, माझी संपत आली की आपण. माझ्या प्रसादची कंपनीची बस पहाटे जुरोंग आयलंडकडे निघणार, आपली मेघना आंग मो किओच्या ऑफिसात जाणार, आणि नात आपल्या दोघांपैकी एकाच्या हाती. “वॉचमनसुद्धा एवढे नियमाने बदलत नाहीत हो अप्पा,” असे आपण म्हणत असा.

त्या चार दिवसांत कार्डाचा विषय निघाला होता. मी म्हणालो, “टोपलीत चेंडू टाकणाऱ्यांनी मुलांना वाचायला सांगायचे? मग ग्रंथपालांनी काय उड्या मारायच्या?”

आपण लसूण सोलत होता. मान वर न करता म्हणालात, “तुम्ही दोन वर्षं सांगताय, पोरगी पुस्तक दिसलं की पळत होती. त्या ताडमाड पोरानं एकदा सांगितलं तर रोज वाचतेय. मारून बघा की तुम्ही पण एखादी उडी!”

मला ते लागले होते. आज कबूल करतो.

मग आपण निघालात. मी विमानतळावर आलो नाही, लिफ्टपाशीच निरोप घेतला. “कढीलिंबाला पाणी घाला, पण बेतानं,” एवढेच आपण म्हणालात. कार्डाविषयी एक अक्षर नाही! अकराव्या दिवशी सांगलीहून फोन आला. मेघना पहिल्या विमानाने गेली. मी नातलगांच्या ग्रुपवर शोकसंदेश लिहिला. त्यात एकही अशुद्ध शब्द नव्हता. तो वाचून कोणाला रडू आले असेल, असे मात्र मला वाटत नाही.

काल सकाळी सईने ते कार्ड माझ्या हातात दिले. शाळेने घरच्या एकेका मोठ्या माणसाला दहा वाजता बोलावले होते. मेघनाची रजा संपलेली, प्रसाद कामावर, म्हणून मी जाणार होतो. “आजोबा, केअरफुली आणा हं. बॅगमध्ये फोल्ड होतं,” असे सांगून ती गेली.

मी चष्मा लावून बसलो. विहीणबाई, जिल्हा न्यायालयात मी छत्तीस वर्षे भाषांतरकार होतो. मूळ कागद शब्दन्‌शब्द तपासल्याशिवाय मी ‘अस्सलबरहुकूम’ असे लिहून कधी सही केली नाही. न्यायाधीश खोळंबले तरी नाही. अशा माणसाच्या हातात ते कार्ड आले. पहिल्या तीस चौकटींत पेन्सिलीच्या नोंदी आणि त्याखाली निळ्या शाईत आपली सही, सुधा. एकतिसाव्या चौकटीपासून सईची पेन्सिल आपल्या शाईवरून गेलेली. म्हणजे सही आधी आणि वाचन नंतर! अकरा चौकटी आपण सांगलीत असतानाच्या. पुढच्या एकोणीस आपण या जगात नसतानाच्या. अगदी परवाच्या, शेवटच्या चौकटीतसुद्धा आपली सही होती.

मी सह्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. रागाने की कशाने, ते ठरवता आले नाही.

मी ते कार्ड घेऊन शाळेत गेलो. सभागृहात मुले जमिनीवर बसली होती, खेळाडू आपापल्या संघाच्या बनियनांत उभे होते. कार्ड भरलेल्या मुलांची रांग लागली आणि त्यात सई पाचवी होती. मला त्या वेळी कर्तव्य एवढेच दिसत होते. मी टेबलापाशी गेलो आणि सर्वांत उंच खेळाडूला (त्याचे नाव डॅरिल) शुद्ध इंग्रजीत सांगितले, की या कागदावरील तीस सह्या ग्राह्य धरता येणार नाहीत, कारण सही करणारी व्यक्ती त्या दिवसांत सिंगापुरात नव्हती, आणि त्यांपैकी एकोणीस दिवस ती हयातही नव्हती.

तो खाली उकिडवा बसला, तेव्हा कुठे त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले. त्याने कार्ड दोन्ही हातांनी धरले. म्हणाला, “सॉरी फॉर युअर लॉस, अंकल.” मग, “बट द गर्ल रीड ऑर नॉट?”

विहीणबाई, साक्ष द्यायला मी स्वतःहून उभा राहिलो आणि पहिल्याच प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तीस दिवस मी त्याच घरात होतो. पोर वाचत होती की नव्हती, हे मला ठाऊक नव्हते.

रांगेतून सई पुढे आली. तिने सगळे ऐकले होते. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. “आजोबा, व्हाय यू सो लाइक दॅट?” एवढेच म्हणाली. त्या वाक्यात क्रियापद नाही. ते दुरुस्त करावे, असे मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटले नाही.

डॅरिलने तिलाच विचारले, “यू रीड एव्हरी डे?”

“एव्हरी डे.”

“टू हू?”

“नोबडी. बाथरूममध्ये.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “आजोबांसमोर वाचलं की ते प्रत्येक शब्दाला थांबवतात.”

बाथरूममध्ये! रोज संध्याकाळी ती आत जाऊन कडी लावत होती, आणि मी दार ठोठावत होतो. “किती वेळ? बाहेर ये!” पाण्याचा आवाज येत नसे, पुटपुटल्यासारखा काही आवाज येई, तरी मी ठोठावत राहिलो. एकदासुद्धा कान देऊन ऐकले नाही. आपण असतात तर ऐकले असते ना?

“बाथरूम व्हेरी गुड ला, गॉट एको,” डॅरिल म्हणाला (तिथे आवाज घुमतो; शेवटचा ‘ला’ ही इथल्या इंग्रजीची लकब) आणि मुले हसली. मग त्याने विचारले, की आजीने आधीच सही केलेली होती, मग न वाचता पाने लिहून टाकावीत असे कधी वाटले नाही का?

सईने त्याच्याकडे असे पाहिले, की हा एवढा मोठा माणूस असून याला इतकेही कळत नाही. म्हणाली, “आजी साइन ऑलरेडी व्हॉट. सो हाऊ कॅन आय डोन्ट रीड?”

आजीने सही करून ठेवली आहे, मग मी न वाचून कसे चालेल?

हे वाक्य मी कालपासून मनात घोळवत आहे. माझ्या समजुतीप्रमाणे घटना आधी घडते आणि सही नंतर होते. आपण सही आधी केलीत, आणि त्या पोरीने तीस दिवस, त्यांतले एकोणीस आजी गेल्याचे दुःख पोटात घेऊन, घटना त्या सहीपर्यंत आणून पोहोचवली. मग त्या सह्या खोट्या होत्या की खऱ्या? मला खरोखर सांगता येत नाही.

तिला वाचू दिले. डॅरिल तिच्या शेजारी उभा राहिला, पुस्तक दोघांत एक. आधी त्याने वाचले. ओळीवर बोट ठेवून वाचत होता! एका शब्दाला अडला, “वेट आ, आय ट्राय अगेन,” म्हणाला, पुन्हा अडला, आणि तिसऱ्यांदा पार झाला. एवढ्या लोकांसमोर, आणि त्याला काहीच वाटले नाही. मग सईने वाचले. तीही दोनदा अडली, आणि पुढे गेली.

निघताना मी डॅरिलला विचारले, आपणास वाचनाची आवड लहानपणापासूनच का? तो हसला. “नो ला, अंकल. स्कूल टाइम आय स्केअर्ड टू रीड आउट लाउड. बॉल ईझियर.” ज्याला वाचायची भीती वाटत होती, त्यानेच मुलांना वाचायला सांगत फिरायचे! आणि मुलांनी त्याचेच ऐकायचे! आपल्याला हे कळले होते. मला अजून पुरते कळलेले नाही.

आता माझी तक्रार. चार दिवस आपण एका छपराखाली होतो. “अप्पा, रोज तिचे ऐका आणि सही करा,” असे आपण मला का सांगितले नाहीत? मी इतका का अवघड होतो? (उत्तर मला ठाऊक आहे. आपण सांगितले असते, तर मी त्या दिवशीच पोरीला समोर बसवून उलटतपासणी सुरू केली असती.) त्या साठ चौकटींत माझ्यासाठी एकसुद्धा मोकळी ठेवली नाहीत, याचे वाईट वाटले. ठेवली असतीत, तर मी ती मोकळीच राहू दिली असती, हेही तितकेच खरे.

सईला काल दुसरे कार्ड मिळाले. आज सकाळी तिने ते माझ्या टेबलावर ठेवले. काल शाळेतून आल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. बूट घालता घालता, पाठमोरीच, तिने विचारले, “आजोबा, साइन फर्स्ट ऑर रीड फर्स्ट?”

मी म्हणालो, “विचार करून सांगतो.” ती “ओके” म्हणून गेली. सकाळपासून विचार करतो आहे. कोणाला विचारू? पुस्तकात नाही, कायद्यात नाही. आपण नाही.

हे पत्र लिहिता लिहिता मी पहिल्या चौकटीत सही केली आहे. काही न पाहता, काही न तपासता केलेली आयुष्यातली ही पहिली सही. योग्य केले की अयोग्य, मला समजत नाही. साठही चौकटींवर करायला आपले धाडस लागते, ते माझ्यात अजून नाही. रोज सकाळी एक करीन.

आणि आपल्याला एक वचन देतो. ती कोठेही वाचो, मी दार ठोठावणार नाही. एखाद्या दिवशी तिने वाचले नाही, तर माझी त्या दिवसाची सही खोटी ठरेल. ठरू दे. मी ती खोडणार नाही.

आपला व्याही,
आपल्यानंतर सही करणारा,
वामन