कळीचा चुना आणि चंद्रीची कास

२ सप्टें.
गोठ्यात नुसता चिखल. चंद्री गाईचे दिवस भरत आलेत, कास उतरलीय. डॉ. म्हणाले, खाली चुना मारा. पोळ्याला भिंतींसाठी आणलेला कळीचा चुना अर्धं पोतं उरलाय. सुमन म्हणाली, "पाणी मारून इझवून, वाळवून मग टाका." मी म्हणालो, विझवला की जोर जातो. एवढी वर्षं गुरं सांभाळतोय, आता बायकोकडून शिकायचं राहिलंय.

३ सप्टें.
सकाळी गोठा धुतला. ओल्यावरच चुन्याची भुकटी पसरली, चांगली जाड. पांढराशुभ्र दिसला, फोटो काढून शेजारच्या मळ्यातल्या रशीदभाईंना पाठवला. दुपारी चंद्री ओरडली म्हणून गेलो. त्यातच बसलेली. कास लालभडक, दोन सडांना फोड. मी ओलं फडकं फिरवलं तर आणखीच... पुढचं लिहवत नाही.

४ सप्टें.
डॉ. आले. "भाऊसाहेब, चुना आधी कोरड्या फडक्यानं झाडायचा, मग पाण्याची धार धरून ठेवायची. थोड्या पाण्यानं तो आणखी पेटतो." टाकायचा तो विझवलेला, कोरड्या जमिनीवर, पातळ, गुरं बाहेर काढून, असंही म्हणाले. सुमन सगळं ऐकत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

६ सप्टें.
पोतं डोळ्यांसमोर नको म्हणून उसात उधळायला निघालो. सुमननं बांधावर अडवलं. "वावरात नगं. आपली माती आधीच चुनखडीची, तपासणीत आलं हुतं. ऊस पिवळा पडंल." हेही मला माहीत नव्हतं. पोतं परत आणलं. मी कशाच्याच कामाचा नाही.

९ सप्टें.
रशीदभाई आले. "फोटोत लई झकास दिसतंय. आमीबी उद्या तसाच टाकतो, चालंल ना?" सुमननंच त्यांना चंद्रीपाशी नेलं. कास बघून ते तसेच परत फिरले. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

१२ सप्टें.
चंद्री व्याली. कालवड. तिनं कासेला तोंड लावलं की चंद्री लाथ झाडते. डॉ. म्हणाले, दोन सड गेले, उरलेल्या दोनांचं सांगता येत नाही. जवळ गेलो तर सुमन म्हणाली, "तुमी नगा येऊ. तुमाला बघून बिथरती ती." खरं आहे. फार लागलं.

१४ सप्टें.
गोठ्याच्या कुंपणाबाहेर बसून लिहितोय. सुमननं कालवड पुन्हा कासेखाली धरलीय. चंद्रीनं पाय उचललाय. अजून मारलेला नाही, खाली ठेवलेलाही नाही.