पिवळ्या फुलांच्या कुंडीला मुंग्या

बाबा,

मी ड्यूटीला निघाले. डबा ओट्यावर आहे.

पिवळ्या फुलांची कुंडी गॅलरीत शोधू नका, मी माझ्या खोलीत नेली आहे. रानातलं झाड, आठवड्याला एक तांब्या पाणी पुरे, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग माती रोज सकाळी ओली कशी? आणि साध्या पाण्याला मुंग्या कधीपासून लागायला लागल्या? मातीला तुमच्या औषधाचा वास येतोय. बाटली अगदी वेळेवर संपते, खोकला मात्र हटत नाही.

नवी बाटली शेजारच्या काकूंकडे दिली आहे. तुम्ही घोट गिळेपर्यंत त्या समोरून हलणार नाहीत.

झाड सुकलं तरी पुढच्या वर्षी मुळापासून फुटेल. तुमचं तसं नाही, बाबा.