निळा शून्यावर

३ ऑक्टोबर

जमलं! तीन आठवडे कॉम्प्युटरपुढे मान मोडून बसले त्याचं चीज झालं. टेकडीमागच्या जंगलाचा फोटो, मीच काढलेला — आणि दिसतोय मात्र रंगवलेला! आई चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली की यांचं हे चित्र माझ्या नजरेतून कसं सुटलं? यांचं म्हणजे बाबांचं. मी खुलासा केला नाही. गालातल्या गालात हसत राहिले.

प्रदर्शनाला पस्तीस दिवस. एका भिंतीवर बाबांची बारा चित्रं, समोरच्या भिंतीवर माझे बारा फोटो. जंगल एकच. बाबा जन्मभर म्हणत आलेत, फोटो म्हणजे नुसती नक्कल, त्यात काढणारा माणूस कुठे असतो? मला त्यांच्या तोंडून एकदाच ऐकायचंय, यात तू आहेस म्हणून. बाकी लोक काय म्हणतील ते म्हणोत.

६ ऑक्टोबर

कृती लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. आधी फोटोचा करकरीतपणा काढायचा. पान न् पान मोजता येता कामा नये. मग मध्येमध्ये लुडबुडणाऱ्या काटक्या पुसायच्या. मग उजेडाच्या कडा सायीसारख्या मऊ करायच्या. स्टुडिओत दहा वर्षं नवरदेवांचे मुरूम घालवतेय मी, बुंध्यावरचे डाग ते काय जड!

रंगाची युक्ती मात्र माझी एकटीची. बाबांच्या गेल्या दहा वर्षांतल्या चित्रांचे फोटो घेतले आणि त्यांतला एकेक रंग स्क्रीनवर मोजला. त्यांचा हिरवा हिरवा नाहीच, पिवळ्याकडे झुकलेला. सावल्या तपकिरी. निळा तर औषधालासुद्धा नाही! काय छाती लागते याला. भलेभले चित्रकार सावलीत निळा ओततात, बाबांनी तो घराबाहेर काढलाय. मीही काढला.

७ ऑक्टोबर

निळा शून्यावर. वा!

१२ ऑक्टोबर

पहिले चार फोटो जाड कागदावर छापून फ्रेमवाल्याकडे नेले. हा माणूस तोंडावर कौतुक केलं तर पाप लागेल अशा बेताने वागतो. बाबांचं एक चित्र त्याच्याकडे आधीच पडलेलं होतं, त्याच्या शेजारी माझा फोटो ठेवला. चष्मा वर केला, खाली केला. मग विचारतो, याला फोटोची फ्रेम लावू की चित्राची? मी म्हटलं, चित्राचीच लावा. रस्त्याने घरी येताना मी चक्क गाणं म्हणत होते.

१५ ऑक्टोबर

बाबांना एक फोटो दाखवला. खिडकीशी नेला, नाकाला लावतात की काय इतका जवळ धरला आणि म्हणाले, छापलाय छान. छापलाय! अख्खा दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. संध्याकाळी आपणहून खोलीत आले आणि म्हणाले, "उजेड मात्र बरोबर पकडलास. असाच दिसतो तो." अर्धी लढाई जिंकले. राहिली अर्धी.

१९ ऑक्टोबर

बाबा जिन्याची शेवटची पायरी चुकले. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. आईने हट्टाने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले! इतकी वर्षं काय करत होतात, असं त्यांनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, चित्रं काढत होतो. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन अठ्ठावीसला, डाव्याचं प्रदर्शन झाल्यावर. मला आनंदच झाला. माझी भिंत त्यांना एका तरी डोळ्याने लख्ख दिसेल.

२५ ऑक्टोबर

बारावा झाला. स्वतःची पाठ थोपटायला हात पुरत नाही.

२९ ऑक्टोबर

सकाळी पट्टी काढली. घरी आल्यावर बाबांनी आईला विचारलं, ही निळी शाल कधी घेतलीस? आई म्हणाली, अकरा वर्षं झाली, तुम्हीच आणलीत. आम्ही तिघंही हसलो. माझ्या डोक्यात तेव्हाही प्रकाश पडला नाही.

मग ते आपल्या खोलीत गेले. बारा चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली. बराच वेळ उभे राहिले. उजव्या डोळ्यावर हात ठेवून पाहिलं, मग डाव्यावर. पुन्हा उजव्यावर. "हे इतकं पिवळं कोणी केलं?" मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांचा चेहरा बघितला, थट्टा नव्हती.

माझे फोटो त्यांनी स्वतःच मागितले. तसेच बघितले, आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. एकेक करत सगळे बारा. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हुबेहूब केलंस गं. पण यात तू नाहीस. यात माझा मोतीबिंदू आहे."

रडले. लपवायचं कोणापासून, वहीपासून? खूप रडले आणि त्यांचा रागही आला. कौतुक नको, निदान आज तरी असं बोलायचं नाही! रडून झाल्यावर लक्षात आलं की माझे सहा आठवडे गेले, त्यांची दहा वर्षं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. जेवायलाही उठले नाहीत.

३० ऑक्टोबर

फ्रेमवाल्याचा निरोप, फ्रेमा तयार आहेत, घेऊन जा. नंतर नेते म्हणून कळवलं.

३१ ऑक्टोबर

स्टुडिओत रजा टाकली. मूळ फोटो उघडला, अगदी पहिला. कृती बाजूला ठेवली आणि स्वतःला विचारलं, त्या सकाळी तिथे उभी होतीस, तुला काय दिसलं होतं? झाडांखालची सावली निळी होती. थंड, ओली, निळी. मला दिसली होती! तरी मी ती माझ्या हाताने पुसली, कारण बाबांच्या चित्रात नव्हती.

कडा मऊच ठेवल्या, ते मला आवडतं. पिवळा निम्म्यावर आणला. निळा येऊ दिला, जिथे होता तिथेच. चार तासांत झाला. आठवड्यात बारा होतील, न व्हायला काय झालं? फ्रेमवाला बोंब मारेल. मारू दे.

१ नोव्हेंबर

नवा फोटो बाबांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. दाराच्या फटीतून बघत होते, लहानपणी बघायचे तशी. त्यांनी डावा डोळा झाकला. किती वेळ! मग हाक मारली. म्हणाले, "हा निळा मी नसता घातला." मी म्हटलं, माहीत आहे. तर म्हणाले, "म्हणजे तुझा आहे."

घरभर नाचले. आई म्हणाली, वेड लागलंय का. लागलंय!

बाबांच्या चित्रांचं काय करायचं, ते विचारायचं धाडस झालं नाही. त्या दिवसापासून त्यांनी ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली आहेत.

२ नोव्हेंबर

बाबांनी सकाळी स्वतः दवाखान्यात फोन करून डाव्या डोळ्याचं ऑपरेशन रद्द केलं. आई संतापली. ते शांतपणे चित्रं एकेक करून सरळ करत होते. म्हणाले, "उजव्याने पोरीची भिंत बघेन. माझी भिंत बघायला डावा राहू दे."

आईने परत लावायला फोन उचलला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.