मागं येतं, घेत नाय

१२ नोव्हेंबर, मंगळवार

राख काढून झाली होती. अंगण झाडलं होतं. कोंबड्यांना कणी टाकली, हंडा घासला, रात्रीचा भात ताकात कालवून ह्यांच्यापुढे ठेवला. हे जेवले आणि ताटलीतच हात धुतला. तसं करू नका म्हणून मी रोज सांगायची, त्या दिवशीही सांगितलं. मग ह्यांनी खुंटीवरचा निळ्या चौकटींचा शर्ट चढवला, मासे धरायचा रॉड घेतला आणि खाडीकडे उतरले. मी शेणी थापत होते. मान वर करून बघितलं नाही. रोजच जायचे, बघायचं काय?

वर्ष होत आलं. ती सकाळ मी पुन्हा पुन्हा उलगडून बघते. त्यात काहीच सापडत नाही. साधी सकाळ होती.

दुपारी शेजारची राहीबाई धावत आली. पाण्यातल्या धोंड्यावर ह्यांच्या चपला होत्या, शेजारी शेजारी. रॉड कपारीत अडकलेला, तंगूस, गळाचा दोरा, तुटलेला. माणूस नाही. होड्या पार दासगावच्या पुढे जाऊन आल्या. काही मिळालं नाही.

लोक मला विधवा म्हणतात. मीही म्हणते. पण जाळलं कुणालाच नाही.

१३ नोव्हेंबर

किशोरचा मुंबईहून फोन. "आये, वरीस भरायच्या आत उरकूया. भटजी बोलले, माणूस मिळाला नाय तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात."

मी म्हटलं, गवताला तुझा बाप म्हणू?

"मग असंच ठेवायचं बाबांना? मधेच?"

त्याचंही बरोबर आहे. मधे कुणाला ठेवू नये.

मग श्रुतिका आली फोनवर. "आजी, मासा मिळाला का? फोटो पाठव." नातीला सांगितलं, मिळाला की पाठवते. तिला वाटतं आजी गंमत म्हणून जाते खाडीवर.

१५ नोव्हेंबर

पौर्णिमा. उधाणाचं पाणी धोंड्याच्या कमरेपर्यंत आलं होतं.

मी कुडपणची, डोंगरातली. लग्न करून सावित्रीच्या काठी आले तेव्हा घोट्याच्या वर पाणी लागलं की जीव घाबरा व्हायचा. ह्यांनी हाताला धरून धोंड्यावर उभं केलं आणि गरवायला, गळानं मासे धरायला, शिकवलं. जिताडा कसा येतो, कुठे थांबतो. भरतीबरोबर वर चढतो, पाणी वळायच्या वेळी भुकेला असतो. जिवंत कोळंबी लावली तर कोणीही धरेल, ह्यांना ते नको असायचं. ह्यांना लाकडाच्या माशानं फसवायचा असायचा. पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेऊन मासा कोरायचे, पोटाखाली गळ, डोळ्यांना लाल गुंजा. असे दोन होते. ह्यांचं सगळं जोडीनं असे — शर्टही एकाच कापडाचे दोन शिवलेले. एक शर्ट आणि एक मासा ह्यांच्याबरोबर गेले. राहिलेले दोन्ही माझ्याकडे आहेत. पाऊस उघडल्यापासून रोज संध्याकाळी लुगड्यावर तो शर्ट घालते आणि तो मासा टाकते.

ह्यांचा नियम असा — "कोण आलंच नाय तर दम धर, आमिष बदलू नको. पण मागं आलं आन् घेतलं नाय, तर लगेच बदल. त्यानं वळखलंय ते."

मागं येतं. दसऱ्यापासून येतं.

लाकडी मासा मी ओढत आणते तेव्हा त्याच्या मागे पाण्यात एक फुगवटा उठतो. आवाज नाही, शिंतोडा नाही. पाणी जरा वर होतं, बस. धोंड्याच्या हातभर अलीकडे थांबतं. मीही थांबते. मग पाणी सपाट होतं.

घेत नाही.

१६ नोव्हेंबर

डब्यात बाकी आमिषं पुष्कळ आहेत. पत्र्याचा चकाकता चमचा आहे, किशोरनं आणलेला हिरव्या रबराचा बेडूक आहे. आज डबा उघडला, बेडूक हातात घेतला आणि परत ठेवला.

का ठेवला ते लिहिते. इथे वाचणारं कोण आहे. मला वाटतं, मागं येतं ते म्हणजे हेच. आमिष बदललं आणि ओळख पटली नाही तर?

१८ नोव्हेंबर

राहीबाई बांधावरून बघत होती. म्हणाली, "रोज पाण्यात टाकतेस आन् घरात एक काटा नाय. कोणाला आवतान देतेस गो?"

मी म्हटलं, तुला तर नाही ना? मग झालं.

"मना नको तुझा जिताडा. माझं दात गेलं." हसली. जाताना हसणं थांबवून म्हणाली, "येळेत वर ये. परवा माझा बोकड पान्याला गेला तो आलाच नाय."

१९ नोव्हेंबर

आलं. थांबलं. गेलं.

२० नोव्हेंबर

आज जरा जास्त थांबलं. मी बोलले. किशोर पुतळ्याचं म्हणतोय, तुमचं काय म्हणणं, असं विचारलं. पाण्यावर बुडबुडे आले. मोठे, सावकाश, एकामागून एक. मग वारा पडला आणि चिंचेवरचे बगळे सगळे एकदम उडाले.

घरी येऊन कंदील — नाही, दिवा लावला. कंदील तर कधीच फुटला. काय लिहितेय.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मुराद होडी घेऊन आला होता. पलीकडच्या मोहल्ल्यातला, ह्यांचा दोस्त. हे गेले तेव्हा सगळे थकून घरी गेले तरी हा शोधत राहिला होता. काठाला लागला नाही, पाण्यातूनच बोलला.

"वयनी, वर व्हा आदी. वरच्या कातळावर. मग बोलतो."

मी वर झाले.

"तुमच्या गरीच्या मागं काय येतंय ते म्या होडीतून बगितलं. माझ्या होडीएवढी हाय."

मगर. सावित्रीत मगरी आहेत हे पोरंसोरंसुद्धा जाणतात. महाडच्या पुलावर लोक गाड्या थांबवून बघतात. मी म्हटलं, मगर असती तर एवढ्या दिवसांत घेतला असता की मासा.

"तिला लाकूड कशाला हवंय? मासा आमिषाच्या मागं येतो, वयनी. मगर आमिष कुठनं येतं ते बगते." त्यानं वल्ह्यानं धोंडा दाखवला. "तुमी कुठं हुब्या राहता, किती वाजता येता, अंगात काय असतं, ते मी डोळे झाकून सांगंन. मना कळतं तर तिला नाय कळत?"

मी अंगातल्या शर्टाची बाही खाली ओढली.

"जागा बदला. येळ बदला. नायतर येऊच नका. गोमाजीला शोधताना माझ्या हाताला फोड आले होते. परत तेच काम मना लावू नका."

वल्हं मारून निघून गेला. रागावला होता. तो रागावला की मागे बघत नाही.

२३ नोव्हेंबर

गेले नाही.

वाचायला बसले, लक्ष लागेना. अक्षरं मी महाडच्या एसटी स्टँडवर शिकले, पाट्या बघून. माहेरी जायची गाडी चुकू नये म्हणून पहिला शब्द शिकले तो पोलादपूर. तेव्हापासून हाताला लागेल ते वाचते, पुडीचा कागद असो की रविवारची पुरवणी. आज एकच ओळ दहादा वाचली.

आणि मग आठवलं. हे जायच्या आधीचे दिवस. जेवताना हसून सांगायचे, "मागं येतंय गो. घेत नाय." मी म्हटलेलं, मग बदला की, तुमचाच नियम ना? तर म्हणाले, "बदलंन. बघू तर दे, काय हाय ते."

बदललं नाही. तोच मासा, तोच शर्ट, तोच धोंडा.

ही गोष्ट वर्षभर माझ्याजवळ होती. मी ती कधी उलटून बघितली नाही.

२५ नोव्हेंबर

दोन दिवस वर बसून काढले. राहीबाई म्हणाली, बरं केलंस. किशोरला कळलं, तोही बरं म्हणाला. रविवारी अमावास्येला येतो म्हणतो, भटजींना सांगितलंय. भटजी म्हणाले, पुतळ्यात त्यांची एखादी वस्तू असली तर बरं. मी अजून हो म्हटलेलं नाही.

सगळ्यांना बरं वाटतंय. मला संध्याकाळ झाली की पाय खाली ओढतात. भीती वाटत नाही हीच भीती वाटते. वर्षभरात इतका वेळ, इतकं टक लावून माझ्याकडे दुसऱ्या कुणी बघितलेलं नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

बघायचंच ठरवलं.

दुपारी ओहोटी असताना खाली गेले. बांबू रोवला, आडवी काठी बांधली, त्यावर ह्यांचा शर्ट अडकवला. शेतातल्या बुजगावण्यासारखा. धोंड्यावरच, मी उभी राहते तिथे. आणि वरच्या कातळावर करंजाच्या आड बसले. रॉड नेला नव्हता. पाण्यात आमिष काहीच नव्हतं.

भरती आली. उजेड अजून होता.

फुगवटा आला. कुणाच्याही मागे नाही, सरळ आला. धोंड्याच्या हातभर अलीकडे थांबला. या खेपेला पाणी सपाट झालं नाही. दोन डोळे वर आले, आणि पुष्कळ मागे, माझा अंदाज होता त्याहून मागे, पाठीचे करवती कंगोरे. शर्टाची बाही वाऱ्यानं हलत होती. ती हलणारी बाही बघत ते पडून राहिलं. घाई नाही. भरती वळेपर्यंत तसंच.

आवाज कसला तो झाला नाही. मीच तोंडात पदर कोंबला होता.

मला ह्यांची वाट बघता आली नसती अशी. इतक्या चिकाटीनं.

२८ नोव्हेंबर

सकाळी ओहोटीला गेले. एकटी नाही, राहीबाईला वर कातळावर उभी केली, हाक मारत राहा म्हटलं. ती हाका मारत होती. "हायस ना गो?" "हाय." "हायस ना?" "हाय गो बाई."

बांबू मोडलेला. शर्ट नाही. चिखलात रुंद ओढल्याची खूण, बैलगाडी घसरत न्यावी तशी.

आणि धोंड्यावर लाकडी मासा.

माझा घरात डब्यात होता. हा दुसरा. रंग सगळा गेलेला, लाकूड काळं पडून मऊ झालेलं, गळ गंजून नुसते खुंट राहिलेले. एक गुंज शिल्लक होती. नाकाशी बोटभर तंगूस आणि त्याला ह्यांची गाठ. हे गाठ मारून वर एक जादा वेढा द्यायचे. दुसरं कुणी देत नाही.

"हायस ना?"

राहीबाई किंचाळायला लागली तेव्हा हात वर केला.

२९ नोव्हेंबर

एका पुरवणीत वाचलं होतं. मगरीच्या पोटात न पचलेलं महिनोन् महिने राहतं, मग कधीतरी ती ते बाहेर टाकते. मुरादनंही तेच सांगितलं. माशाला हात लावला नाही त्यानं. नुसता बघितला आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट घातली.

बाहेर टाकलं असेल. पण चिखलात टाकायचं, पाण्यात टाकायचं. धोंड्यावर, माझ्या पाय ठेवायच्या जागी, डोळा घराकडे करून?

हे मी मुरादला विचारलं नाही. मासा धोंड्यावर कसा ठेवलेला होता ते त्यानं बघितलेलं नव्हतं.

किशोरला फोन करून म्हटलं, ये. ह्यांची वस्तू मिळाली.

तो रडला. लहान होता तेव्हा रडायचा तसा, आवाज दाबून.

१ डिसेंबर, रविवार

किशोरनं अग्नी दिला.

दर्भाचा पुतळा पळसाच्या पानांवर निजवला होता. माणसापेक्षा पुष्कळ लहान. भटजी म्हणाले, वस्तू आणा. मी पदराखालून लाकडी मासा काढून पुतळ्याच्या छातीवर ठेवला. किशोरनं त्याला हात लावून नमस्कार केला. धूर खाडीकडे गेला. मुराद लांब बांधावर उभा होता, शेवटपर्यंत.

किशोर म्हणाला, "आता सुटले ना गो आये बाबा?"

मी म्हटलं, सुटले.

जळाला तो माझा मासा. दोन्ही गुंजा असलेला. जाळाच्या इतक्या जवळ कुणी निरखून बघत नाही.

३ डिसेंबर

किशोर पहाटेच्या गाडीनं गेला. काल, अग्नीच्या दुसऱ्या दिवशी, तो घरात झोपला होता तेव्हा मी भरतीला वरच्या कातळावर गेले, माझ्या लुगड्यावर, शर्टाशिवाय. आमिष बदललं. एका डोळ्याचा मासा लावला, नवे गळ बसवले नाहीत, ह्यांच्या गाठीला माझी गाठ मारली, आणि टाकला. मागं आलं. घेतलं. तंगूस सरसर जायला लागला आणि मी रॉड सोडून दिला. मधे कुणाला ठेवू नये.