टेप गुंडाळलेली तार

७ एप्रिल, सोमवार

सायं. कंपनीच्या बसमधून अनघा उतरली तेव्हा तिच्या खांद्यावर एक लांबट काळी पिशवी होती. प्रयोगशाळेतले एखादे उपकरण असावे असा माझा समज झाला. पिशवीतून गिटार निघाली. विजेवर चालणारी, जुनी. कडेचा रंग उडून आतले लाकूड उघडे पडलेले.

"कोणाची ही?"

"माझी, बाबा. सेकंडहँड आहे. आजच घेतली."

मी चष्मा काढून पुन्हा घातला. सून इतकी वर्षे या घरात वावरते आहे आणि तिला गिटार वाजवता येते ही गोष्ट मला आज कळावी! माझ्या मुलाला, निखिलला, ठाऊक आहे म्हणे. तो जहाजावर, जाब विचारणार कोणाला?

याहून मोठा आघात पुढेच होता. वाजवणार कोठे? तर हळदीत. पालघरजवळच्या माहीमचा कोणी जयेश आहे, त्याचे वाद्यपथक लग्नघरी हळदीला वाजवते. तो स्वतः आता कीबोर्डकडे वळला, त्याचीच ही गिटार. गाणारे आणि वाजवणारे माणूस त्याला हवे होते. ते माणूस म्हणजे आमची सूनबाई.

जेवण गेले नाही.

८ एप्रिल

सकाळी स्पष्टच विचारले. "हळदीत लोक पिऊन नाचतात, याची तुला कल्पना आहे?"

"आहे ना. ते नाचणार, मी वाजवणार." मग डबा भरता भरता, माझ्याकडे न पाहता, "कॉलेजात होते तेव्हा रोज वाजवायचे, बाबा. लग्नानंतर सुटलं. ऑफिसला जाते ती घरासाठी जाते. हे एवढंच एक माझ्यासाठी आहे."

मी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरले. आमची ही आज असती तर तिनेच काहीतरी

राहू दे.

१० एप्रिल, गुरुवार

दोन दिवस भिंतीपलीकडून सूर जुळवणे ऐकतो आहे. जुळतात आणि बिघडतात. शेवटी न राहवून तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो.

गिटारच्या पोटावर एक धातूची पट्टी असते, तिच्यावर तारा टेकतात. तिला ब्रिज म्हणतात. त्याला एक दांडी. दांडी दाबली की ब्रिज किंचित पुढे झुकतो, तारा सैल होतात आणि सूर डोलतो. सोडली की ब्रिजने मूळ जागी यावे. हा येत नाही. माहीमच्या खाऱ्या हवेने स्क्रू गंजून एकजीव झाले आहेत आणि ज्या धारेवर तो झुलतो ती धारच झिजली आहे.

"नवीन ब्रिज मागवलाय," अनघा म्हणाली. "बोईसरला एकजण बसवून देतो."

"कसा बसवतो? डोळ्यांच्या अंदाजाने?"

"बहुतेक."

तारापूरच्या कारखान्यात मी उभा जन्म दुसऱ्यांचे आराखडे तपासले. माझी लाल खूण झाल्याखेरीज एकही कागद यंत्राकडे जात नसे. गिटार माझ्या टेबलावर ठेवण्यास सांगितले. तिला माझ्यापेक्षा अधिक आश्चर्य वाटलेले दिसले.

१३ एप्रिल

नवा ब्रिज आला. जुना काढून जागेवर धरला, तर भोके जुळत नाहीत! बाहेरच्या दोन स्क्रूंतील अंतर जुन्याचे साडेबावन्न मि.मी., नव्याचे छप्पन. वस्तूच्या खोक्यावर 'सर्व गिटारींना चालेल' असे छापले आहे. धडधडीत असत्य छापण्याचे धैर्य लोकांत येते कोठून?

अनघाचा चेहरा उतरला. वीस तारखेला तिचा पहिला कार्यक्रम आहे. दुसरा मागवण्यास अवधी नाही.

जुनी भोके सागाच्या काड्यांनी बुजवून नवी पाडायची, असे ठरवले. सरस सुकेपर्यंत काही करता येत नाही.

जयेशचा तिला संदेश आला होता. तिने दाखवला: 'उदया प्रॅकटीस ला ये वयनी'. चार शब्दांत इतक्या चुका! मी काही बोललो नाही. माझा चेहरा बोलला असावा, कारण ती हसली.

१५ एप्रिल

भोके पाडली. हात अजून स्थिर आहे, हे पाहून बरे वाटले.

मागचे झाकण उघडले. आत स्प्रिंगा. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. दोहोंच्या ओढाताणीत ब्रिज तरंगत राहतो. स्प्रिंगा ज्या पट्टीत अडकवतात त्या पट्टीला एक काळी तार जोडलेली असावी लागते, म्हणजे पुढच्या सर्व तारा अर्थिंगला जोडल्या जातात. येथे ती तार तुटलेली होती. सुट्या टोकावर काळी टेप गुंडाळून ती कोपऱ्यात दडपून दिलेली. गिटार सतत घुरघुरते त्याचे कारण हेच! तुटली तर जोडावी. टेप गुंडाळून झाकून कसली ठेवायची? निष्काळजीपणाचा उत्तम नमुना.

जयेशला विचारावे, असे क्षणभर मनात आले. परंतु ज्याला 'उद्या' हा शब्द नीट लिहिता येत नाही त्याच्याकडून काय शिकायचे?

टेप सोलली. पट्टी घासून स्वच्छ केली. तार सोल्डरने पक्की जोडली. जोड चकचकीत आला आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

काम पूर्ण. दांडी दाबली, सोडली. सूर जेथून गेला तेथेच परतला. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. तारेला बोट लागताच घुरघुर नाहीशी होते.

"बाबा! काय केलंत तुम्ही? ही तीच गिटार आहे?"

मग ती वाजवू लागली. हे शब्दांत मांडणे मला कठीण जाते. मी दिवाणखान्यात बसून ऐकत होतो आणि मला वाटत होते की आत कोणी परके माणूस आहे. इतके दिवस हे माझ्याच घरात, भिंतीपलीकडे, मुके होऊन बसले होते?

संध्याकाळी तिने जयेशला फोनवर सांगितले, "आमच्या बाबांनी फर्स्टक्लास करून दिली." मी स्वयंपाकघरात होतो. ऐकू आले नाही असे दाखवले.

१९ एप्रिल

उद्या मीही जाणार. आपण तपासलेली वस्तू कामाला लागताना पाहिली पाहिजे, एवढाच हेतू. नाचण्याशी माझा संबंध नाही.

२१ एप्रिल, सोमवार

पालघर, रुग्णालयाचा बाक. हाती सापडलेल्या कागदावर लिहितो आहे, नंतर चिकटवीन.

अनघा जिवंत आहे. हे आधी.

कालचा मांडव वाडीच्या मागे, समुद्राच्या रेताड पुळणीला लागून. वीज जनरेटरची. बायका नवऱ्यामुलाला हळद लावत होत्या. जयेशने "आमची नवी वयनी!" म्हणून तिला पुढे केले. तिने सुरुवात केली, माणसे वळून पाहू लागली. पोरे नाचायची थांबली. मी खुर्चीवरून उठलो होतो, का ते ठाऊक नाही. मग ती गाण्यासाठी माइककडे झुकली. ओठ माइकला लागले.

एक फटका. फटाक्यासारखा. ती ताठ झाली. हात तारांना चिकटलेला, सुटेना. डोळे माझ्याकडे, पण ती मला पाहत नव्हती.

मी धावलो. नवऱ्यामुलाच्या आत्याने मला दंडाला धरून मागे खेचले. "म्हाताऱ्या, हात नको लावू! तू पण जाशील!" आणि तिने हळदीचा लाकडी पाट उचलून त्याने माइक उडवून दिला. जयेशने बोर्डाची वायर उपटली. अंधार.

तेवढ्यात कोणीतरी "पाणी मारा" म्हणाले, तर आत्या त्याच्यावर ओरडली, "तुझ्या तोंडावर मार!"

ओठ भाजला आहे. डाव्या हाताच्या दोन बोटांना फोड. हृदयाचा आलेख व्यवस्थित आहे, डॉक्टरांनी दोनदा सांगितले. मी तिसऱ्यांदा विचारले.

माझ्या शर्टावर हळद आहे. कोणाच्या हातांची ते

२२ एप्रिल

ती घरी आली. झोपली आहे.

दुपारी जयेश आला. मी त्याला प्रथमच दिवसाउजेडी पाहिले. पानवेलीच्या वाडीत काम करून रापलेला, पस्तिशीचा माणूस. हातात केळीच्या पानात बांधलेली विड्याची पाने. दारातच उभा राहिला.

"काका, एक इचारू? मागचं झाकन खोलू काय?"

खोलले. त्याने आत पाहिले. बराच वेळ पाहिले.

"ही तार तुमी जोडली?"

"तुटलेली होती."

"तुटली नव्हती, काका. मीच तोडलेली. वर टेप मारलेली ना?"

मारलेली होती. मी माझ्या हाताने सोलली.

तो खाली जमिनीवरच बसला. "हळदीला जनरेटर असतो. अर्थिंग कुठली आलीय? कोरडी पुळण. अॅम्पात, त्या आवाजाच्या पेटीत, करंट उतरला का त्या तारेतून सगळ्या तारांवर येतो, नि वर माइकला तोंड लावलं का खलास. मला दोनदा बसलाय. म्हनून तोडली. गिटार घुरघुरली तरी चालते. करंट नाय चालत." मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "पन मी सांगायला पायजे होतं. माझी चूक हाय. वयनी बोलली निस्ता ब्रिज बदलतायत, तर मी..."

माणसाची चूक नसताना तो ती पत्करतो आहे आणि ज्याची आहे तो खुर्चीवर बसला आहे.

तार तुटली की कोणी टेप गुंडाळत बसत नाही. टेप मुद्दाम गुंडाळतात. हे मला दिसले होते. मी ते येथे लिहूनही ठेवले होते.

२४ एप्रिल, गुरुवार

आज तिला सांगितले. ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते आहे की बाबांनी गिटार अगदी नवी करून दिली, मांडववाल्याचीच वायर वाईट. हे आणखी ऐकणे अशक्य झाले.

ती पेज पीत होती, चमच्याने, ओठाच्या एका बाजूने. मी जयेशचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. चमचा थांबला.

"तुम्ही त्याला विचारलं का नाहीत?"

उत्तर माझ्यापाशी होते. १५ तारखेच्या पानावर लिहिलेले.

"बाबा, तुम्ही बरोबरच जोडलीत ना? म्हणजे, पुस्तकाप्रमाणे?"

"पुस्तकाप्रमाणे बरोबर."

"हं," ती म्हणाली आणि वाटी घेऊन आत गेली.

२९ एप्रिल

निखिलचा फोन. आवाज लाटांसारखा येत-जात होता. "बाबा, विकून टाका ती गिटार. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल."

तीन आठवड्यांपूर्वी हे वाक्य मी साखर वाटून ऐकले असते.

फोड सुकले आहेत. पण गिटार पिशवीतून बाहेर आलेली नाही. आज खोली झाडताना तिने पिशवी केरसुणीने बाजूला सारली, हाताने नाही. हे मी पाहिले आणि मला जो हादरा बसला तो मांडवातल्यापेक्षा कमी नव्हता. भिंतीपलीकडे पुन्हा शांतता आहे. ही शांतता मला पूर्वी आवडत असे.

निखिलला मी होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही.

१ मे

बोईसरहून मल्टिमीटर आणला. दुकानदाराने विचारले, "चाचा, क्या चेक करना है?" सांगितले, सुनेचा माइक. तो हसला. मी हसलो नाही.

जयेशला मीच फोन केला. परवा उमरोळीला हळद आहे, कीबोर्डवर भागवणार आहेत. त्याला प्रश्न विचारले: जनरेटर कोणाचा, बोर्ड कोणता, अॅम्प कोठे ठेवतात, माइक कोठे जोडतात, जमीन कशी. त्याने सर्व सांगितले. मी लिहून घेतले. मध्येच म्हणाला, "काका, तुमी येता काय? अर्थिंगला मोठी सळई ठोकू जमिनीत, मिठाचं पानी ओतू. बघू काय होतं."

सळई ठोकणे हाच योग्य मार्ग. तार तोडणे हा योग्य मार्ग नव्हे. परंतु सळईने काम झाले नाही, तर काय करायचे? योग्य मार्गाने काय होते ते मी एकदा पाहिले आहे.

३ मे, शनिवार

सकाळी चहाच्या वेळी तिला म्हणालो, "मी आज उमरोळीला जातो आहे."

"हळदीला? तुम्ही?" तिने ओठाला हात लावला, खपली अजून आहे. "कशाला?"

"तपासायला. माइक आणि तारा यांच्यामधले व्होल्टेज मोजणार. काटा हलला तर तेथेच परत येईन."

तिने कप विसळला. पुसला. पुन्हा विसळला.

"आणि नाही हलला तर?"

"मग तुला फोन करीन. येणे न येणे तुझ्याकडे."

निखिल काय म्हणाला आहे ते तिला ठाऊक आहे. माझ्याकडून काय अपेक्षित आहे तेही. तिने मान हलवली. होकाराची की केवळ ऐकल्याची, मला कळले नाही.

दुपार. पिशवी भरली. मल्टिमीटर. टेस्टर. मिठाची पुडी. लोखंडी सळई जयेश आणणार. गिटारही मीच नेणार, मोजण्यासाठी लागेल. मागचे झाकण मी अजून बंद केलेले नाही. तार जोडलेली आहे. सोल्डरचे सामान घेतले. कटर घेतला. टेपचे नवे रीळही घेतले. कोणते लागेल ते तेथे गेल्यावर.

पिशवी उचलली, तर गिटारची काळी पिशवी जागेवर नव्हती. अनघाच्या खोलीचे दार लोटलेले. आतून एकाच तारेचा सूर आला. विजेशिवाय, अगदी हळू. थांबला. बराच वेळ काहीच नाही. मग तोच सूर पुन्हा.

बाहेर टेम्पोचा हॉर्न. जयेश ओरडतो आहे, "काका, एकटेच काय?"

मी दार ठोठावलेले नाही. उंबऱ्याशी उभा राहून लिहितो आहे.