निखाऱ्यांवरून

९ जून
डॉक्टर एव्हराल्दो — कालच मिसरूड फुटलेला — म्हणतो, पायांच्या नसा कामातून गेल्या, दारू सोडा. पायांना मुंग्या येतात, तळवे पेटतात, चालताना गादीवर पाय पडल्यासारखं वाटतं, हे मीच त्याला सांगितलं. तेच त्याने पोथी वाचल्यासारखं मला परत ऐकवलं. वर म्हणे, रोज पाय तपासत जा. मी काय घोडी आहे?

१० जून
झुल्मिराताईने माझी उसाची दारू मोरीत ओतली. आयुष्यात थेंब न घेतलेली बाई! नवरा गेल्यावर माझ्याकडे राहायला आली ती जणू मला सुधारायलाच. संध्याकाळी चष्मा लावून माझे तळवे बघते नि तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणते.
दुसरी बाटली आणली.

१५ जून
जेनेसिओच्या गुत्त्यावर पोहोचले तेव्हा पायात एकच चप्पल. दुसरी वाटेत कुठे निसटली, कळलंच नाही. "एक पाय घरी ठेवून आलीस का गं, इदालिना?" जेनेसिओ म्हणाला. सगळे बैल हसले. मी आणखी एक पेला मागितला.

२४ जून
काल संत जॉनच्या सणाचा आदला दिवस. चर्चपुढे जाळ केला, संध्याकाळी निखारे पसरले. श्रद्धा असेल त्याचे पाय भाजत नाहीत म्हणे. गावातले मिशीवाले पुढे यायचे नि धग लागली की मागे सरकायचे. माझ्या पोटात बरीच होती. चपला काढल्या नि चालत सुटले. मध्येच थांबून, कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे बघितलं. टाळ्या! पाद्रीबाबा म्हणाले, "याला म्हणतात श्रद्धा." मूर्ख लेकाचे! मला काही लागतच नव्हतं.
टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या ताईने. ती रडत होती.

२५ जून
तळव्यांची सालं निघाली. दुखत नाही. वास मात्र येतो.

२ जुलै
डॉक्टरने मेलेली कातडी कापली. जखम चिघळली तर बोटं काढावी लागतील म्हणाला. हाताच्या बोटांचं मी त्याला सांगितलं नाही. झग्याचं बटण आता बघून लावावं लागतं. सांगितलं तर पोथीचा पुढचा अध्याय सुरू होईल.
पट्टी ताई बदलते. आता तीही लंगडायला लागली आहे. विचारलं तर म्हणते, बूट चावतो. नाटकं! सगळ्यांनी माझी विचारपूस केलेली हिला बघवत नाही.

६ जुलै
पट्टी बदलायच्या आधी घेतली. ताईला वास आला. पट्टी बांधून उठून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

९ जुलै
स्वयंपाकघरात फरशीवर रक्त. माझी पट्टी कोरडी. ताई चुलीशी उभी राहून घेवडा ढवळत होती — बुटाचा खिळा टाचेत रुतलेला नि तिला पत्ता नाही.
"कधीपासून?" विचारलं.
"झाली दोनेक वर्षं. साखरेचा आजार आहे मला." मग म्हणाली, "दोघी आजारी पडलो तर बघायचं कोणी?"
तिचा पाय मांडीवर घेतला. खिळा काढला. माझ्या बोटांना तिचा तळवा कळेना, तिच्या तळव्याला माझी बोटं.